वाहनतळातली राखीव जागा : तंत्रज्ञान उद्योगातील तीन स्त्रियांची आत्मकथने

१

गेल्या वर्षी आठ मार्चला माझ्या भाचीला तिच्या कचेरीतून एक पुस्तक भेट मिळाले. पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ती बारा वर्षे काम करते. त्याच्या आदल्या वर्षी ती बाळंतपणाची रजा संपवून रुजू झाली, तेव्हा तिचा प्रकल्प दुसऱ्याकडे गेला होता. दोन महिने ती ‘बेंच’वर बसून राहिली आणि वर्षअखेरच्या अप्रेझलमध्ये तिचे रेटिंग एका पायरीने खाली आले, कारण वर्षातले बरेच महिने दाखवायला कामच नव्हते. महिला दिनाच्या कार्यक्रमात गुलाबाच्या फुलाबरोबर जे पुस्तक वाटले गेले ते शेरिल सँडबर्ग यांचे ‘लीन इन’. आठवड्याने तिने ते माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली, “मावशी, तू एवढी पुस्तकं वाचतेस. यात माझा प्रश्न कुठल्या पानावर आहे ते सांग.”

ते पान मला सापडले नाही. मात्र त्या शोधात मी ते पुस्तक दोनदा वाचले आणि त्याच्या जोडीने आणखी दोन वाचली : स्टेफनी शर्ली यांचे ‘लेट इट गो’ (२०१२) आणि एलेन पाओ यांचे ‘रीसेट’ (२०१७). ‘लीन इन’ २०१३ सालचे. पाच वर्षांच्या अंतरात प्रसिद्ध झालेली ही तीन पुस्तके संगणक उद्योगात वरच्या जागी पोचलेल्या तीन स्त्रियांची आहेत. आपल्याकडे अशा पुस्तकांना ‘प्रेरणादायी’ या एकाच फळीवर जागा मिळते. त्या फळीवरची सगळी पुस्तके एकच गोष्ट सांगतात असे आपण धरून चालतो : अडचणी आल्या, बाई डगमगली नाही, बाई वर गेली. त्यांची परीक्षणेही बहुधा एवढेच सांगून थांबतात.

प्रस्तुत लेखात ही तीन पुस्तके एका साध्या प्रश्नाच्या आधाराने वाचून पाहिली आहेत. एखादा नियम बाईच्या आड येतो तेव्हा पुस्तक कुणाला बदलायला सांगते, बाईला की नियमाला? आणि नियम बदललाच, तर तो किती जणींसाठी बदलतो? हा प्रश्न हाती घेतला की एका फळीवरची ही तीन पुस्तके एकमेकांपासून फार लांब जातात.

त्यांची शीर्षकेच पाहावीत. ‘लीन इन’ म्हणजे पुढे झुका, मागे रेलून बसू नका. ही आज्ञा बाईला आहे. ‘रीसेट’ हे यंत्रावरचे बटण. यंत्र अडकले की ते दाबून पहिल्यापासून सुरुवात करायची. ही आज्ञा यंत्राला आहे. ‘लेट इट गो’ म्हणजे सोडून दे. इंग्रजीत त्यातला ‘इट’ मोठ्या अक्षरांत छापला की ‘आयटी’ असा वाचता येतो, आणि लेखिकेने तो तसाच छापला आहे. ही आज्ञा तिने स्वतःला केलेली आहे. तीन शीर्षके, तीन आज्ञार्थ आणि आज्ञा घेणारे तीन वेगळे. पुढचे सारे विवेचन या भेदातूनच निघते.

२

सँडबर्ग यांचे पुस्तक सुरू होते ते गाडी लावायच्या जागेपासून. २००४ साली त्या गूगलमध्ये वरिष्ठ अधिकारी होत्या आणि पहिल्यांदा गरोदर होत्या. पायांना सूज, सततची मळमळ. एका दिवशी उशीर झाला, गाडी लांब लावावी लागली आणि तशा स्थितीत त्यांना महत्त्वाच्या बैठकीसाठी धावत जावे लागले. त्यांचे पती तेव्हा याहूमध्ये होते. त्यांनी सांगितले की आमच्याकडे गरोदर स्त्रियांसाठी दारापाशी जागा राखून ठेवलेली असते. दुसऱ्या दिवशी सँडबर्ग थेट कंपनीचे संस्थापक सर्गेई ब्रिन यांच्यापुढे उभ्या राहिल्या. ब्रिन लगेच ‘हो’ म्हणाले. आपल्याला हे कधी सुचलेच नव्हते, अशीही कबुली त्यांनी दिली. सँडबर्ग पुढे लिहितात की स्वतःचे पाय सुजेपर्यंत हे आपल्यालाही सुचले नव्हते, याची त्यांना आजही लाज वाटते. आपल्याआधी इतर गरोदर स्त्रिया गप्प राहून हे सोसत असतील, असेही त्यांच्या मनात येते.

हा प्रसंग प्रामाणिक आहे आणि सुरुवातीला घातला आहे तो विचारपूर्वक. स्त्रिया अधिकारपदावर गेल्या म्हणजे खालच्या स्त्रियांचे नियम आपोआप सुधारतील, हा पुस्तकाचा पाया त्यातून रचला जातो. वाचकाला वाटते, आता अशा नियमांची यादी येईल. ती येत नाही. पुढची बहुतेक प्रकरणे बाईने स्वतःत काय बदलावे याविषयीची आहेत. बैठकीत भिंतीकडेच्या खुर्चीवर बसू नका, मुख्य टेबलाशी बसा. मूल व्हायच्या आधीच मनाने नोकरीतून बाहेर पडू नका. जोडीदाराला घरकामात खरा भागीदार करा. यातले कोणतेही वचन चुकीचे नाही. पण वाहनतळाच्या गोष्टीत दोष बाईच्या आत्मविश्वासात नव्हता, वाहनतळात होता. आणि तो दूर झाला तो एका वरिष्ठ बाईच्या एका वाक्याने. ती गोष्ट सांगून झाल्यावर पुस्तक तिच्यातला धडा विसरते.

हे विसरणे सर्वांत स्पष्ट दिसते ते पगाराच्या प्रकरणात. सँडबर्ग यांनी एका प्रसिद्ध पाहणीची हकीकत दिली आहे. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना एका यशस्वी उद्योजक स्त्रीची खरी कहाणी वाचायला दिली. निम्म्यांच्या हातातील कागदावर तिचे नाव हायडी होते, निम्म्यांच्या हातात तीच कहाणी हॉवर्ड या पुरुषी नावाने होती. कर्तबगारी दोघांची सारखीच मानली गेली. पण सहकारी म्हणून हॉवर्ड आवडला आणि हायडी स्वार्थी वाटली. निष्कर्ष उघड आहे : बाईने स्वतःसाठी काही मागितले की ती नावडती होते. मग उपाय काय? सँडबर्ग सुचवतात की पगाराची बोलणी करताना बाईने हसतमुख राहावे आणि ‘मी’ऐवजी ‘आम्ही’ म्हणावे, म्हणजे मागणी स्वतःसाठी वाटणार नाही. हा सल्ला न्याय्य नाही हे त्या मान्य करतात. पण जग असे आहे तोवर असेच वागावे लागेल, असा त्यांचा कल आहे.

मराठी वाचकाचा कान इथे टवकारतो. बाईचे ‘मी’ आणि ‘आम्ही’ आपण शंभर वर्षांहून अधिक काळ वाचत आलो आहोत. १९१० साली रमाबाई रानड्यांनी आपल्या पुस्तकाला नाव दिले ते ‘आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी’. त्या ‘आमच्या’मध्ये न्यायमूर्ती मोठे आहेत आणि रमाबाईंचा ‘मी’ पदराआड आहे. त्यानंतरच्या मराठी स्त्री-आत्मकथनांचा इतिहास हा पुष्कळ अंशी तो ‘मी’ पदराबाहेर येण्याचा इतिहास आहे. सुनीताबाई देशपांड्यांच्या ‘आहे मनोहर तरी’मध्ये तो पुरता बाहेर आलेला दिसतो. आणि शंभर वर्षांनंतर जगातल्या अतिशय श्रीमंत कंपनीतली अधिकारी स्त्री सांगते की पगार मागताना ‘आम्ही’ म्हणा! फरक एवढाच की रमाबाईंच्या ‘आम्ही’त खरोखर दुसरे माणूस होते. सँडबर्ग यांच्या ‘आम्ही’त कुणीच नाही, ते वाटाघाटीचे तंत्र आहे.

घराविषयीही असेच. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त घरात कोण राबले, कोण उपाशी राहिले, कोण कुठे निघून गेले याचा जमाखर्च पानोपानी आहे. ‘लीन इन’मध्ये नवऱ्याने घरात वाटा उचलण्यावर संपूर्ण प्रकरण आहे, पण पगार घेऊन ते घर चालवणाऱ्या माणसांचा उल्लेख ओझरता. अमेरिकेतील कृष्णवर्णीय लेखिका बेल हुक्स यांनी २०१३ मध्येच या पुस्तकावर कठोर टीका केली. ज्या व्यवस्थेत पुढे झुकायचे ती व्यवस्था पुस्तक आहे तशीच मान्य करते, हा त्या टीकेचा रोख होता. सँडबर्ग यांच्या बाबतीत न्याय करायचा तर पुढची गोष्टही नोंदवली पाहिजे. २०१५ मध्ये त्यांच्या पतीचे अचानक निधन झाले. त्यानंतरच्या वर्षी, मातृदिनाच्या निमित्ताने त्यांनी जाहीरपणे लिहिले की एकट्या आईला घर आणि नोकरी सांभाळणे किती कठीण असते हे पुस्तक लिहिताना आपल्याला नीट कळले नव्हते. आपल्याच पुस्तकाची त्रुटी इतक्या स्वच्छ शब्दांत सांगणारे लेखक थोडे. पण तपशील बदलला तरी घडण तीच राहिली आहे. वाहनतळाचा प्रश्न पाय सुजल्यावर कळला आणि एकट्या आईचा प्रश्न एकटेपण आल्यावर. प्रत्येक वेळी नियम दिसण्यासाठी आधी तो वरच्या बाईला बोचावा लागतो.

३

स्टेफनी शर्ली यांचे पुस्तक चाळीस वर्षे मागचा काळ सांगते, पण वाचताना तेच अधिक आजचे वाटते. १९३३ मध्ये जर्मनीत डॉर्टमुंड येथे जन्म, वडील ज्यू न्यायाधीश, नाझींच्या राजवटीत त्यांचे पद गेले. १९३९ मध्ये पाच वर्षांच्या या मुलीला आणि तिच्या थोरल्या बहिणीला मुलांना घेऊन जाणाऱ्या आगगाडीने इंग्लंडला पाठवण्यात आले. अनोळखी कुटुंबाने त्यांना वाढवले. अठराव्या वर्षी ती टपाल खात्याच्या डॉलिस हिल येथील संशोधन केंद्रात लागली. जर्मन संदेश उकलण्यासाठी युद्धकाळात ‘कोलोसस’ हे यंत्र बनवणारे टॉमी फ्लॉवर्स तिथे होते. दिवसा नोकरी, संध्याकाळी वर्ग अशी काही वर्षे काढून तिने गणिताची पदवी मिळवली.

ब्रिटनमध्ये त्या काळी संगणकावर काम करणाऱ्या स्त्रिया पुष्कळ होत्या. मार हिक्स या इतिहास-संशोधकाने दाखवून दिले आहे की सरकारी कचेऱ्यांतले यंत्रावरचे काम बायकांचे, म्हणून हलके, असे आधी मानले जाई. पुढे याच यंत्रांच्या हाती कारभाराची सूत्रे जाणार हे दिसू लागले, तेव्हा ते काम पुरुषांकडे नेण्यात आले. म्हणजे काम अवघड म्हणून बाई मागे राहिली असे घडले नाही. कामाला मोल आले, आणि बाई बाजूला झाली. सरकारी नोकरीत लग्न होताच बाईने राजीनामा द्यायचा हा नियम १९४६ मध्ये रद्द झाला, पण मूल झाले की घरी बसायचे ही रीत कायम होती. प्रोग्रॅमिंग शिकलेल्या शेकडो जणी अशा घरी बसलेल्या होत्या.

शर्ली यांनी १९६२ मध्ये सहा पौंड भांडवलावर, घरातल्या जेवणाच्या टेबलाशी ‘फ्रीलान्स प्रोग्रॅमर्स’ ही कंपनी काढली ती या बायकांसाठी. प्रोग्रॅम लिहायला तेव्हा यंत्र समोर असावे लागत नसे. आराखडा आणि आज्ञा कागदावर पेन्सिलने लिहायच्या, मग त्यांची कार्डे किंवा फिती पंच करून घ्यायच्या आणि भाड्याने घेतलेल्या यंत्रवेळेत तो प्रोग्रॅम चालवून पाहायचा. हे काम नऊ ते पाच या वेळेत, कचेरीतच का व्हावे, या प्रश्नाला रूढीखेरीज उत्तर नव्हते. शर्ली यांनी ती रूढी मोडली. काम घरी, वेळ आपापली, मोबदला कामाप्रमाणे; घरी दूरध्वनी असला म्हणजे झाले. पहिल्या तीनशे जणांत पुरुष फक्त तीन. काँकॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्ससंबंधीचे प्रोग्रॅमिंग या घरबसल्या बायकांनी केले.

पुस्तकातले दोन तपशील विसरता येत नाहीत. व्यवसायासाठी पाठवलेल्या पत्रांना उत्तरे येत नसत, तेव्हा पतीने सुचवले म्हणून त्यांनी स्टेफनीऐवजी ‘स्टीव्ह’ अशी सही करायला सुरुवात केली आणि भेटीच्या वेळा मिळू लागल्या. हायडी आणि हॉवर्ड यांची ही पाहणी, पाहणी होण्याच्या चाळीस वर्षे आधी झालेली! दुसरा तपशील असा की घरून दूरध्वनीवर बोलताना मागे बाळाचा आवाज ऐकू जाऊ नये म्हणून त्या टंकलेखनाच्या खडखडाटाची ध्वनिफीत लावत. म्हणजे शर्ली यांनीही सोंग घेतलेच. पण त्यांचे सोंग गिऱ्हाइकासाठी होते. आतल्या बायकांना सोंग घ्यावे लागू नये यासाठी ते होते. सँडबर्ग यांचा ‘आम्ही’ आणि शर्ली यांचा ‘स्टीव्ह’ ही दोन्ही मुखवट्याचीच रूपे, पण एक मुखवटा एकीचा पगार वाढवतो आणि दुसऱ्याच्या आड तीनशे जणींना काम मिळते.

याचा अर्थ ती कंपनी म्हणजे रामराज्य होते असा नाही, आणि इथे पुस्तकाला प्रश्न विचारायला हवा. काम असेल तेव्हा मोबदला, नसेल तेव्हा नाही. या व्यवस्थेतला धोका कंपनीने नव्हे, त्या बायकांनी उचलला होता. घरात नवऱ्याचा नियमित पगार येत होता म्हणून अनेकींना तो परवडला असणार. ज्या बाईला दुसरा आधारच नाही तिच्यासाठी घरून काम म्हणजे स्वातंत्र्य की बिनभरवशाची मजुरी? आज आपल्याकडे ‘गिग’ या नावाने जे चालते त्याचे बीज तिथेही आहे. शर्ली या बाजूवर थोडे लिहितात. मात्र त्यांच्या बाजूने बोलणारी एक ठोस गोष्ट आहे : कंपनीचे शेअर त्यांनी टप्प्याटप्प्याने काम करणाऱ्यांच्या हाती दिले, १९९१ पर्यंत कंपनीचे नियंत्रण कर्मचाऱ्यांकडे गेले, आणि १९९६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आल्यावर त्यांच्यातले सत्तर जण दशलक्ष पौंडांचे धनी झाले. धोका वाटला होता, तसा नफाही वाटला.

आत्मकथन म्हणूनही हे पुस्तक तिघांत उजवे आहे. त्यांचा एकुलता मुलगा जाइल्स तीव्र स्वमग्न होता. १९९८ मध्ये पस्तिसाव्या वर्षी तो गेला. त्याला सांभाळताना त्या स्वतः मनाने कोसळल्या, हे त्या आडपडदा न ठेवता सांगतात. देश सोडला, नाव सोडले, मुलगा गेला, कंपनी सोडली, मग संपत्तीही दिली. ‘सोडून दे’ हे शीर्षक त्या जगण्यातून आलेले आहे. यशाचा आलेख सतत वर नेण्याची सक्ती या पुस्तकाला वाटत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये शर्ली यांचे निधन झाले.

एका तारखेची नोंद इथे करतो तर विषय पूर्ण होतो, म्हणून करते. ‘लीन इन’ बाजारात आले मार्च २०१३ मध्ये. त्याच्या आदल्या महिन्यात याहूने कर्मचाऱ्यांना घरून काम करण्याची मुभा काढून घेतली. कंपनीच्या प्रमुख होत्या मरिसा मेयर, नुकत्याच आई झालेल्या. आपल्या बाळासाठी त्यांनी स्वखर्चाने कचेरीशेजारी खोली करून घेतल्याचे वृत्त तेव्हा गाजले होते. गरोदर स्त्रियांसाठी दारापाशी गाडीची जागा राखणारी हीच ती कंपनी. शर्ली यांनी १९६२ मध्ये उघडलेले दार एकावन्न वर्षांनी एका प्रमुख स्त्रीच्याच कारकिर्दीत बंद झाले. वर बाई बसली की खालचे नियम आपोआप सुधारतात, या विश्वासाला याहून मोठे उत्तर नको.

४

विनंती करून नियम बदलता येतो. स्वतःचे घर बांधून नवा नियम करता येतो. तिसरा मार्ग फिर्यादीचा. एलेन पाओ या चिनी स्थलांतरितांच्या कन्या. प्रिन्स्टनमधून विद्युत अभियांत्रिकी, हार्वर्डमधून कायदा आणि व्यवस्थापन. वर चढण्यासाठी लागणारे एकही प्रमाणपत्र कमी नाही. २००५ मध्ये त्या क्लायनर पर्किन्स या संस्थेत रुजू झाल्या. नव्या तंत्रज्ञान कंपन्यांत भांडवल घालणाऱ्या अमेरिकेतल्या अग्रगण्य संस्थांपैकी ही एक. मे २०१२ मध्ये त्यांनी संस्थेवर लिंगभेदाचा दावा लावला. त्याच वर्षी त्यांची नोकरी गेली. २०१५ च्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोत खटला चालला आणि २७ मार्चला ज्युरीने त्यांचे चारही दावे फेटाळले. प्रतिपक्षाच्या खर्चापोटी सुमारे पावणेतीन लाख डॉलर देण्याचा आदेशही पुढे झाला.

‘रीसेट’ हे हरलेल्या बाजूचे कथन आहे आणि ते ध्यानात ठेवूनच वाचले पाहिजे. त्याची भाषा प्रतिज्ञापत्रासारखी आहे : तारीख, खोली, हजर माणसे, कोण काय म्हणाले. रसाळपणा शोधणाऱ्याला ते रुक्ष वाटेल. मला मात्र या रुक्षपणाचे कारण विषयातच दिसते. ज्या अन्यायाचा एकही प्रसंग एकट्याने सिद्ध होत नाही, तो नोंदींच्या ढिगानेच सांगावा लागतो. खटल्यात त्यांच्या कामाविषयीचे शेरे वाचले गेले. त्यांच्या वकिलांचे म्हणणे होते की हे शेरे परस्परविरोधी आहेत, कधी ही बाई पुढे पुढे करते, कधी पुरेसे बोलत नाही. ‘पुढे झुका’ या सल्ल्याची कसोटी इथे लागते. पाओ झुकल्या आणि झुकल्याचाच शेरा मिळाला.

पण या पुस्तकातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रसंग न्यायालयातला नाही. खटला चालू होता तेव्हा पाओ रेडिट या कंपनीच्या हंगामी प्रमुख होत्या. तिथे त्यांनी नोकरीवर घेताना पगाराची घासाघीस बंद केली. बाईने घासाघीस केली की ती नावडती होते आणि नाही केली तर तिला कमी मिळते. मग घासाघीसच नको, पदाचा पगार ठरवा आणि तो सर्वांना द्या. हायडी-हॉवर्डच्या त्याच निष्कर्षावरून सँडबर्ग बाईला हसायला शिकवतात, आणि पाओ तो खेळच बंद करतात. पहिल्या उपायात प्रत्येक बाईला आयुष्यभर, प्रत्येक नोकरीत पुन्हा पुन्हा हसावे लागेल. दुसऱ्यात एकदा नियम केला की भिडस्त बाईलाही तोच पगार मिळतो, भिडस्त पुरुषालाही. २०१५ च्या जुलैमध्ये पाओ रेडिटमधून बाहेर पडल्या. त्यांच्या हाती अधिकार होता तो अवघे आठ महिने.

‘रीसेट’ची मर्यादा अशी की लढाई एकटीची असल्याने कथनही एकटीचे राहते. खटल्यानंतर अनोळखी स्त्रियांचा ओघ त्यांच्याकडे सुरू झाला, त्यातून इतर काही जणींबरोबर ‘प्रोजेक्ट इन्क्लूड’ ही संस्था उभी राहिली. पण त्या स्त्रिया आपल्याला नीट दिसत नाहीत. ‘आम्ही’ इथे खरा आहे, तो शेवटी येतो आणि घाईने येतो.

५

ही सारी उदाहरणे परदेशची. पण भाचीची कंपनी पुण्यात आहे, आणि पुण्यालाही अशी एक कहाणी ठाऊक आहे. १९७४ मध्ये बंगळूरच्या विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी यांनी टेल्कोची जाहिरात वाचली. तळाशी लिहिले होते की स्त्री उमेदवारांनी अर्ज करू नये. त्यांनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड टाकले. मुलाखतीला पुण्याला बोलावल्याची तार आली, आणि टेल्कोच्या कारखान्यात पहिली स्त्री अभियंता रुजू झाली. सुधा मूर्ती यांनी ही हकीकत अनेकदा सांगितली आहे आणि दर वेळी तिचा नायक जेआरडी आहेत. त्यात कृतज्ञता आहे, आणि ती खरी आहे. पण साहित्याच्या दृष्टीने पाहता हीही वाहनतळाचीच गोष्ट आहे : नियम बदलला तो वरच्या माणसाच्या मोठेपणाने. मोठेपणा नसता तर पोस्टकार्डाचे काय झाले असते, हा प्रश्न कहाणी विचारत नाही.

याच कहाणीचा दुसरा भाग आपण कमी सांगतो. १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिस सुरू झाली. त्यासाठी सुधाताईंनी साठवलेले दहा हजार रुपये दिले हे सर्वांना पाठ आहे. पती-पत्नी दोघांनी एकाच कंपनीत असू नये, ही नारायण मूर्तींची भूमिका होती, आणि शिकलेली, कारखान्यात काम केलेली अभियंता बाहेर राहिली. हा आपला चुकीचा आदर्शवाद होता असे मूर्तींनी २०२४ मध्ये जाहीरपणे म्हटले. टेल्कोचा नियम जाहिरातीत छापलेला होता, म्हणून त्याविरुद्ध पोस्टकार्ड लिहिता आले. दुसरा नियम कुठे छापलेला नव्हता. तो घरात, आदर्शाच्या भाषेत सांगितला गेला. बायकांच्या वाटेतले बहुसंख्य नियम या दुसऱ्या जातीचे असतात. माझ्या भाचीचे रेटिंग कमी करणारा नियमही कुठे लिहिलेला नाही. कायद्याने तिला सव्वीस आठवड्यांची रजा दिली. रजेवर गेलेल्या माणसाचे वर्ष कसे मोजायचे, हे कायद्यात नाही, आणि कंपनीच्या कागदावरही नाही.

६

मग तिच्या प्रश्नाला मी काय उत्तर दिले? ‘लीन इन’ची पहिली काही पाने वाच आणि वाहनतळाची गोष्ट संपली की थांब, असे मी तिला सांगितले. त्यानंतर शर्ली वाच. पाओंचे पुस्तक वाच ते नोंदी कशा ठेवायच्या हे कळण्यासाठी. तिने तेच केले. हल्ली तिच्या टेबलाच्या खणात एक साधी वही असते. रजेवरून परतलेल्या आणखी चौघींची रेटिंगे त्यांच्या संमतीने तिने तारखांसह तीत लिहिली आहेत. पाचही रेटिंगे खाली आलेली आहेत. एकीचे खाली आले तर ते तिच्या आत्मविश्वासाचे कारण ठरू शकते. पाच जणींचे आले तर तो नियम असतो. ती वही घेऊन त्या पाच जणी मिळून वर जाणार आहेत. काय होईल ते सांगता येत नाही. पण त्या वहीत लिहिलेला ‘आम्ही’ हे वाटाघाटीचे तंत्र नाही.

जाता जाता एक उणीव मराठीच्या पदरातही घालायला हवी. बँका, विमा, रेल्वे, मोठे कारखाने यांच्या ईडीपी विभागांत कार्डे पंच करणाऱ्या, पुढे प्रोग्रॅम लिहू लागलेल्या, त्यांतून विभागप्रमुख झालेल्या मराठी बायका आज सत्तरीत आहेत. त्यांनी यंत्र येताना पाहिले, यंत्रामुळे नोकऱ्या जातील म्हणून झालेले विरोध पाहिले, मूल पाळणाघरात ठेवून रात्री बॅच चालवल्या. स्त्री-आत्मकथनांची एवढी मोठी परंपरा असलेल्या भाषेत त्यांचे लेखन मला हाती लागत नाही. त्या स्वतःला नेत्या समजत नाहीत, म्हणून आपण कुणी त्यांना विचारले नसावे. हा अंक वाचणाऱ्यांपैकी कुणाची आई, मावशी, आत्या अशी असेल. यंदाच्या दिवाळीत फराळाचे ताट पुढे करताना त्यांना एवढेच विचारावे : तुमच्या कचेरीत पाळणाघर कुणाच्या अर्जावरून झाले, आणि त्या अर्जावर सह्या किती होत्या?